मले पहिल्याच भागात मारलं

अन् मले मारलं नं भाऊ, पहिल्याच भागात! सख्ख्या पोरीनं मारलं, रंगीत मारलं, अख्खं पान घालून मारलं, अन् खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं, 'क्रमशः'. आता मले सांगा, मेलेल्या माणसाचं कायचं क्रमशः?

बसा बसा, उठू नका, तुमचा नंबर याले टाईम आहे. डॉक्टर अजून आलाच नाई, त्याची गाडी मी वळखतो... म्हणजे वळखत नाई, पण डॉक्टरची गाडी पांढरीच राहते नं. तर आईची आण घेऊन सांगतो, मी आता जे सांगून राहिलो त्यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. एक जागा सोडून. बरं, दोन धरा. तिसरी एक आहे, पण ती खोटी नाई, ती नुसती फुगलेली आहे, पावसाळ्यात दार फुगते तशी. ढकललं का लागते बरोबर.

मी गजेंद्र. भातकुलीले माह्यं मोटार वायंडिंगचं दुकान आहे. मोटार म्हणजे फटफटी नाई, बोरमधली, पाण्याची. जळाली का लोक माह्याकडे आणतात, मी जळकी तार काढतो, नवी तांब्याची तार भरतो, वार्निश मारतो, वाळवतो. तुमी कुठचे? नांदगाव खंडेश्वर? मंग तुमाले आमचं दुखणं नाई समजणार, तुमच्याकडचं पाणी पेता येते. आमचा खारपाणपट्टा! आमच्या बोरच्या पाण्याले साबणाचा फेस येत नाई, वरणात मीठ टाका लागत नाई, म्हशीपुढं घमेलं ठेवलं तं म्हैस एकदा पाण्याकडे पाहते अन् एकदा माह्याकडे पाहते, का बावा, मी तुह्यं काय वाईट केलं? ते खारं पाणी मोटारी खाते, अन् त्या मोटारीवर आमी खातो. वार्निश वाळेलोक गिऱ्हाईक बसून राहते, मंग त्याले चहा पाजा लागते, अन् चहासंगं काईतरी सांगा लागते. म्हणून सांगतो. भातकुलीच्या बोरमध्ये सोडलेली मोटार अकोल्याच्या विहिरीतून निघाली, हे तुमी आयकलं असीन, तं ते माह्यंच आहे.

तर पोरगी. रागिणी. एकुलती एक. लहानपणी शाळेची वही कोरी अन् दुकानाची भिंत भरलेली, असा तिचा अभ्यास. मी म्हटलं जाऊ दे, काढते तं काढू दे, भिंत का शाळेची आहे? ती गेली पुण्याले, तिथं कोणत्या तरी कंपनीत मोबाईलवरच्या खेळाचे चित्र काढते. अन् तिची एक मैत्रीण आहे दीपमाला, इथं अमरावतीलेच राहते, कॉलेजात दोघी संगं होत्या. दीपमालाचे वडील शाळेत विज्ञान शिकवत, त्या घरात 'काहून' विचारल्याशिवाय कोणी चहा बी पेत नाई. ती गोष्ट लिहिते, आमची चित्र काढते. दोघींनी मिळून पुस्तक काढलं, चित्रांचं, विज्ञानकथा म्हणे, मोठी मालिका आहे, त्याचा हा पहिला भाग, नाव 'भेग'. अन् त्या पहिल्याच भागात... जाऊ द्या, तिथं येतोच मी.

गोष्ट अशी आहे. उन्हाळ्यात आमच्या काळ्या मातीले भेगा पडतात, तुमाले मालूम आहे. बकरीचा पाय जाते. एका भेगेत तर माही सायकल गेल्ती... बरं, सायकलची घंटी गेल्ती. तर एका उन्हाळ्यात भातकुलीच्या वावरात एवढी मोठी भेग पडते का तिच्यात परग्रहावरचं यान येऊन लपते. काहून येते? तर आमच्या खाऱ्या पाण्यासाठी! त्यायच्या ग्रहावरचं खारं पाणी आटलं, अन् हे लोक खारं पाणीच पेतात, गोडं पेलं का आजारी पडतात. म्हणजे साऱ्या ब्रह्मांडात आमचं पाणी आवडणारं कोणी निघालं तं ते इतक्या लांबून आलं. गावातली एक पोरगी, पायल, तिले हे लोक दिसतात. पाणी उपसाले त्यायले मोटार पाह्यजे. मंग ती पायल मोटार मागाले कोणाकडे जाते? गज्जूकाकाकडे. गज्जूकाकाचं भातकुलीले वायंडिंगचं दुकान. गज्जूकाकाले अशी मिशी, कानापाशी असा तीळ, खांद्यावर असा पंचा, अन् गज्जूकाका साऱ्या गावात फेकाफेकीसाठी मशहूर. आता हा कोण, हे सांगाले ज्योतिषी पाह्यजे काय?

दुकानात पुस्तक आलं त्या दिवशी मोटारी तशाच पडून राहिल्या. जो तो मत देऊन राहिला. मी बी दिलं. मी फोनवर म्हटलं रागिणी, चित्रं झकास आहेत, वावर असं काढलं का पाहून घाम आला, पण तुह्यं विज्ञान कच्चं आहे. ती मोटार तू कोरड्या भेगेत चालवली. पाण्याबाहेर चालवली का ती मोटार जळते, हे भातकुलीचं शेंबडं पोट्टं बी सांगीन. तर म्हणते, बाबा, ते परग्रहाचं विज्ञान आहे. मी म्हटलं ग्रह कोणता बी असो, तांबं ते तांबं. दुसरं, ते परग्रहाचे लोक बोलतात कसे? असे पांढरे, लांब लांब, अन् गज्जूकाकाले म्हणतात, "महोदय, आपल्याकडे खारे जल उपलब्ध आहे काय?" गज्जूकाका म्हणते, "काहून? पाव्हणे पुण्यावरून आले काय?" इथं सारं दुकान हासलं. मी दीपमालाले फोन करून विचारलं का बेटा, हे लोक असे काहून बोलतात. म्हणते, "काका, परके आहेत तं परके वाटले पाह्यजे नं." हे पटलं मले. माही बायको कौशल्या, तिनं एकच मत दिलं, पुस्तकातल्या काकूचं पातळ पोपटी आहे अन् माह्याजवळ पोपटी पातळ नाई. दोन दिवस तेच. शेवटी घेऊन दिलं पोपटी.

सारं चांगलं चाललं होतं. शेवटचं पान येईलोक मी खुशीत होतो, हर पानावर मी, हर पानावर माही नवी फेक. मी मनातल्या मनात बेत करून राहिलो होतो का दुसऱ्या भागात आपण त्या यानात बसून जाऊ, तिसऱ्या भागात तिकडे दुकान टाकू. अन् शेवटचं पान उघडलं... मेलो! पहिल्याच भागात! यानात बसासाठी पंधरा जण आहेत, मारासाठी मी एकटा सापडलो!

अन् मारलं कसं? परग्रहाच्या लोकायनं मारलं असतं तं मी काई बोललो नसतो. किरण सोडला, भस्म झालो, नाव झालं. तसं नाई. गज्जूकाका दुसरी मोटार खांद्यावर घेऊन वावरातून चालला, संगं पायल, तिले तो अकोल्याच्या विहिरीची गोष्ट सांगून राहिला. बोलतानी ते तोंडापाशी फुगा काढतात नं, त्यात लिहितात, तसे फुगे. पहिल्या चौकटीत फुगा भरून गोष्ट. दुसरीत अर्धा फुगा. तिसरीत फुगा आहे, पण फुग्यात काई नाई. कोरा. अन् चौथीत मोटार धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, पडली आहे, बाजूले एक चप्पल, अन् पायल वाकून पाहून राहिली. बस. ना किरण ना स्फोट. माणूस गोष्ट सांगता सांगता थांबला.

मी पुस्तक मिटून वार्निशच्या डब्यामांगं ठेवून दिलं. गिऱ्हाईक म्हणे, काय झालं शेठ? मी म्हटलं, उजेड कमी आहे.

आता इथं तुमाले कावळा सांगा लागते. कावळ्याशिवाय पुढचं समजत नाई. पुस्तक निघाच्या आधीची, यंदाच्या उन्हाळ्यातली गोष्ट. सकाळी आंगणात मी बादली उचलून आंघोळीले चाललो, अन् कावळा शिवला. डोक्याले. असा आला, असा बसला, असा गेला. मी दगडावर बसलो, बादली सांडली, कौशल्या धावत आली. काय झालं? मी म्हटलं, कावळा शिवला. झालं! तिचं तोंड पांढरं फटक. तुमाले मालूमच आहे, कावळा डोक्याले शिवला म्हणजे त्या माणसाचं बोलावणं आलं. अन् त्याची तोड बी मालूम आहे. खोटी बातमी पाठवा लागते. नात्यातल्या माणसाले सांगायचं का अमका गेला, तो खराखुरा रडला पाह्यजे, एकदा आसू पडले का मरण फसते, त्याले वाटते आपलं काम झालं, अन् ते परत जाते. मंग खरं सांगायचं, मंग तो पाव्हणा शिव्या देत येते अन् जेवून जाते.

पण बातमी देईन कोण? कौशल्यानं फोन हातात घेतला अन् रडाले लागली, माह्या तोंडानं कशी म्हणू वो मी असं? बरोबर आहे, बायको कशी म्हणीन. रागिणी सुट्टीवर घरीच होती, दीपमाला बी आली होती, दोघी दुकानात बसून त्या 'भेग'चं काम करून राहिल्या होत्या. रागिणी म्हणे मी असलं बोलणार नाई. दीपमाला म्हणे, काका, कावळा बसला अन् उडून गेला, बातमी झाली, आता अजून कोणती बातमी पाह्यजे? उरलो मी. आता बातमी माही, माणूस घरचा, फोन माह्या. मीच लावला. अकोल्याले माही मोठी बहीण आहे, शकुनताई. आमची माय गेली तवापासून तीच माय. मी म्हटलं,

"ताई, मी गजू. मी गेलो."

"कुठं गेला?"

"वरतं. सकाळीच. तू रड."

"बरं," म्हणे, "येतानी शेगाववरून कचोरी आणजो."

अन् हासत फोन ठेवला! मी अजून दोन नातेवाईकायले लावला, त्यायनं तं विचारलं बी नाई, एक म्हणे पोहोचला का फोन कर. सांगा आता. जिंदगीभर मेहनत करून नाव कमावलं, त्याचं हे फळ. माह्या मरणावर बी कोणाचा इश्वास नाई. एक आसू नाई पडला साऱ्या वऱ्हाडात.

तेव्हापासून कौशल्याचं चित्त ठिकाणावर नाई. मी आंगणात आंघोळीले बसलो का ही काठी घेऊन मांगं उभी. मी जरा कोचावर टेकलो का नाकापुढं बोट. मी म्हणो, वो रागिणीची माय, मी जिता आहे. ती म्हणे, तुमच्या म्हणण्यावर काय आहे! अन् मधातच म्हणे, तुमचे बाबा बी असेच धडधाकट होते. होते नं. माह्या बाप नत्थुजी, पोतं एका हातानं उचले, तुरीच्या धुऱ्यावर पाणी पेले बसला अन् बसलाच. तांब्या भरलेला तसाच होता. माह्याच वयाचा होता तवा. हे फुगलेलं नाई बरं, हे आहे तसं आहे.

तर आता समजलं तुमाले? घरात आधीच कावळ्याची बाकी, अन् त्यात पोरीनं पुस्तकात मले धुऱ्यावरच मारलं. पहिल्याच भागात! बापाच्या जागी बाप मारला. मले विचार पडला, का पोट्टीच्या डोकशात आहे काय? मी काई तिले कमी केलं? लग्नाचा विषय काढला म्हणून राग धरला? फोन करून विचारावं तं ती म्हणीन, बाबा, गोष्ट आहे. गोष्ट आहे हे वाक्य माह्यं आहे, ते माह्यावरच!

दिवाळीले रागिणी घरी आली. पुस्तक मी वार्निशच्या डब्यामांगंच राहू दिलं. अन् दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानापुढं रडारड. पाहतो तं सारी एसटी रडत आलेली. बरं, एसटी नाई, ऑटो. ऑटोत शकुनताई. बडनेऱ्यावरून ऑटो करून आली, वळणापासून गळा काढलेला, हातात 'भेग'. झालं काय, का रागिणीचं पुस्तक अकोल्याले गेलं आदल्या दिवशी. तिनं कधी चित्राचं पुस्तक हातात धरलं नाई. उघडलं तं पानापानावर भाऊ, भावाचं दुकान, भावाचा तीळ, अन् शेवटी भाऊ मेलेला. तिले वाटलं, हे तेरवीचं पुस्तक आहे. छापतात नं आपल्याकडे, गेलेल्या माणसाचे फोटो अन् आठवणी, तेरवीले वाटतात, तसं. तिले वाटलं का उन्हाळ्यात गजूनं फोन केला तो खराच होता, जातानी बहिणीले सांगून गेला, अन् आपण हासलो, म्हणून आपल्याले कोणी तेरवीले बी बोलावलं नाई. मी मागून विचारलं, ताई, त्यात ते परग्रहाचे पांढरे लांब लांब लोक आहेत, ते नाई दिसले तुले? म्हणे दिसले, मले वाटलं रागिणीचे पुण्याचे पाव्हणे असतीन.

मी मोटारीमांगून उठून उभा राहिलो. म्हटलं आता ही घाबरीन, हासीन, शिव्या देईन. तिनं ते पुस्तक गोल केलं अन् मले हाणलं. खांद्यावर, पाठीवर, हाणून राहिली अन् रडून राहिली. मी म्हणतो ताई मी जिता आहे, ती म्हणते दिसते मले, अन् तरी रडते. मंग खाली बसली माह्या स्टुलावर, अन् म्हणे, "तू म्हणला मी गेलो, अन् मी कचोरी मागतली रे गजू."

ते काई मले सहन नाई झालं. मी वार्निश ढवळत राहिलो.

पण कौशल्या! कौशल्याचा आनंद पाहा तुमी. घरातून साखरेचा डबा घेऊन धावत आली, शकुनताईच्या तोंडात साखर, माह्या तोंडात साखर, बसलेल्या गिऱ्हाईकाच्या तोंडात साखर. आसू पडले वो, म्हणे, खरे आसू पडले, गेला कावळा, फिटलं! शकुनताईले पहिले समजलंच नाई, समजलं तं कौशल्याले बी दोन लागल्या पुस्तकाच्या, अन् मंग दोघी गळ्यात पडून रडल्या. मी म्हटलं चला, बरं झालं. मेलो ते कामी आलो. पोट्टी हुशार आहे, मनात म्हटलं, कावळ्याची तोड म्हणूनच मारलं असीन तिनं मले. आजकालच्या पद्धतीनं. रंगीत.

तवा रागिणी दारात उभी होती. तिनं शकुनताईच्या हातातून पुस्तक घेतलं, सरळ केलं, अन् माह्यापुढं टेबलावर उघडलं. पहिलंच पान, गज्जूकाका दुकानात बसला आहे ते.

"बाबा, तुमचा हात कुठं आहे?"

"छातीवर. तू काढला तिथं आहे."

"मी नाई काढला. तुमी ठेवला, मी पाहून काढला."

दुसरं पान उघडलं. हात छातीवर. पुढचं, छातीवर. परग्रहाच्या लोकायशी बोलतो आहे, एक हात हालवून राहिलो, दुसरा छातीवर. मले वाटलं तिची सवय असीन, एकच हात चांगला काढता येत असीन. ती म्हणे, "उन्हाळ्यात मी समोर बसून तुमाले काढलं. तुमाले वाटे मी गोष्टी आयकून राहिली. तुमी पहिले गोष्ट सांगतानी दोन्ही हात हालवत होते, बाबा. आता एकच हालते. अन् मधात थांबता. पहिले तुमी कधी थांबत नोते."

म्हणजे तो कोरा फुगा तिनं मनानं नोता काढला.

मी म्हटलं, "मंग मले सांगायचं होतं. मारलं काहून?"

"सांगितलं तं तुमी गोष्ट सांगता. म्हटलं पाहून तरी समजीन."

मी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. म्हटलं काईतरी सुचते का. नाई सुचलं. वार्निश वाळून राहिलं, गिऱ्हाईक बसलं आहे, दोन बाया डोळे पुसून राहिल्या, अन् गजेंद्रले काईच सुचलं नाई, हे भातकुलीत पहिल्यांदा घडलं. शेवटी म्हटलं, "बरं, दुसऱ्या भागात उठवजो मले. परग्रहाचं विज्ञान आहे तुमच्याजवळ. काईतरी लावतीन छातीले, उठून बसीन मी."

ती म्हणे, "कागदावर मी तुमाले कितीबी वेळा उठवीन, बाबा. घरी मले नाई जमणार."

बस. एवढंच बोलली. आवाज बी चढवला नाई. माह्या बाप मेला तवा मी तिच्याच वयाचा होतो, त्या धुऱ्यावर मीच गेल्तो पहिले, तांब्या मीच उचलला होता. ते मी तिले कधी सांगितलं नोतं. तिनं काढलं कुठून कोण जाणे. काढत असतीन, चित्रवाले लोक.

म्हणून आलो इथं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरले दाखवलं, त्यानं ती ईसीजीची कागदी पट्टी काढली, तोंड वाकडं केलं, म्हणे मनगटातून तार घालून आत पाहा लागते, कुठं बंद आहे ते दिसते, बंद असलं तं तवाच मोकळं करू. तार! भाऊ, जिंदगीभर मी तार भरली मोटारीत, आता माह्यात भरून राहिले. मी डॉक्टरले विचारलं तार तांब्याची आहे काय, तर तो हासला. मी खरंच विचारलं होतं.

दुसऱ्या भागाचं विचारून राहिले तुमी? तो थांबलेला आहे. दीपमालानं गोष्ट लिहून ठेवली आहे सारी, पण पहिलं पान रागिणीनं काढलं नाई. म्हणे पहिल्या चौकटीत तोच कोरा फुगा आहे, अन् त्यात काय लिहायचं ते तुमी बाहेर येऊन सांगा. तुमी बोलले का मी काढीन. आता हा न्याय पाहा, पहिल्या भागात बापाले न विचारता मारलं, अन् दुसऱ्या भागात उठायचं का नाई ते बापानंच ठरवायचं. पानाले उशीर झाला तं लोक तिले शिव्या देतीन, का मले?

ती पाहा, तिथं खिडकीपाशी उभी आहे, निळ्या कुडत्यात. हातात पाटी आहे, चित्र काढून राहिली. माह्यंच काढत असीन, म्हणून मी दोन्ही हात हालवून राहिलो तुमच्यापुढं. तेवढं समजून घ्या. दुखते जरा.

अन् तिच्या बाजूले पोपटी पातळात बसली आहे ती कौशल्या, मांडीवर डबा घेऊन. तिच्या मनात काईच नाई आता. तिले वाटते कावळा गेला, शकुनताईच्या आसूवर फिटलं, आत काईच निघणार नाई, बारा वाजता घरी जाऊन जेवू. खुशाल बसली आहे. तिले खुशाल बसलेलं मी उन्हाळ्यापासून नोतं पाहिलं.

जरा इकडे सरका, हळू सांगतो. तुमाले मी म्हटलं होतं नं, एक जागा खोटी आहे. अकोल्याची विहीर नाई, ती तं फुगलेली. एसटी मी सांगून टाकली. ती खोटी जागा म्हणजे कावळा. कावळा शिवला नाई मले. बादली उचलली अन् इथं, या हाताखाली, अशी कळ आली का डोळ्यापुढं ऊनच काळं झालं, दगडावर बसलो, बादली सांडली, अन् कौशल्या धावत आली, काय झालं, काय झालं. मले माह्या बापाचा तांब्या दिसला. आता काय सांगू तिले? भिंतीवर एक कावळा होता. बसला होता बिचारा आपल्या जागी, त्यानं माह्याकडे पाहिलं बी नाई. मी म्हटलं, कावळा शिवला. तेवढं एक खोटं. बाकी सारं त्याच्यामागून खरंच आलं.

तिले सांगू नका. घरी गेल्यावर... पाहू.

काय सिस्टर? हो, मीच, गजेंद्र नत्थुजी. आलो. चप्पल इथंच काढू काय? एक राहू द्या, एक आत नेतो... नाई नाई, मजाक केली, दोन्ही काढतो. येतो नांदगावचे भाऊ, जागा धरून ठेवजा. अन् माही काळजी करू नका, एक बरं झालं, मराचं तेवढं काम पहिल्याच भागात उरकलं.